पाचशे यार्डांवरची घोडी

थिया ऑर्डाल दार ढकलून आत आली आणि बसायच्या आधीच म्हणाली, "माझी घोडी कुणी मारली ते मला उद्या दुपारी बाराच्या आत कळायला हवंय."

डेल पेटिटच्या हातातला डोनट तोंडाच्या वाटेवर थांबला. असं त्याच्या आयुष्यात फार कमी वेळा घडलं होतं.

मार्वा ट्वेटने फक्त खुर्ची पुढे सरकवली. बावीस वर्षं ती गुरांच्या अंगावर डागलेल्या मालकीच्या खुणा तपासणारी सरकारी निरीक्षक होती. चोरलेली गाय कुठे आहे हे ती गाय बघून नाही, मालकाचं तोंड बघून सांगायची. निवृत्त झाल्यावर तिने सॉल्टर क्रॉसिंगच्या एकुलत्या एका रस्त्यावर, पशुखाद्याच्या दुकानाच्या माडीवर, खासगी तपासाचं ऑफिस थाटलं. डेल तिचा मावसभाऊ. तीस वर्षं शाळेची बस चालवून झाल्यावर आता तिची गाडी चालवायचा आणि तिला शंका विचारायचा. शंका बावळट असायच्या, पण मार्वाला त्या लागायच्या.

"उद्या बाराच का?" मार्वाने विचारलं.

"कारण उद्या बाराला लाइल जाणार. बाबांनी त्याला तेवढीच मुदत दिलीय."

लाइल बेडेल म्हणजे ऑर्डालांच्या रँचवरचा गडी. अकरा वर्षं तिथेच. थियाला घोड्यावर बसायला त्यानेच शिकवलं होतं. शनिवारी पहाटे थियाची घोडी टेकडीच्या उतारावर बरगडीत गोळी लागून मेली, आणि सगळ्या तालुक्याने लाइलकडे बोट दाखवलं. कारण साधं होतं. वसंतात त्या घोडीने लाथ मारून त्याच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या आणि तो याच माडीखालच्या दुकानात, दहा माणसांच्या देखत बोलून गेला होता की ही घोडी एक दिवस माझ्या हातून मरणार.

"शेरिफकडे पुरावा नाही, म्हणून अटक नाही," थिया म्हणाली. "पण घोडी मारणाऱ्या माणसाला मोंटानात कोण कामावर ठेवणार? एकावन्न वर्षांचा आहे तो. दुसरं काही येत नाही त्याला."

"आणि तुला काय वाटतं?"

थियाने आपल्या बुटांकडे बघितलं. "मला माहीत नाही," ती म्हणाली. "हेच मला सहन होत नाहीये."

गाडीत बसल्यावर तिने सगळं नीट सांगितलं. शनिवारी त्यांच्या कुरणात रायफलींची निवड होती. तालुक्याच्या नेमबाजी क्लबला आठ नव्या रायफली घ्यायच्या होत्या, आणि भांडण असं होतं की अर्ध्या सभासदांना कुरणातले प्रेरी डॉग टिपायचे असतात आणि अर्ध्यांना पाचशे यार्डांवरचा निशाणाचा बोर्ड. प्रेरी डॉग म्हणजे बिळातली जाडी खार. तीनशे यार्डांवर ती मुठीएवढी दिसते आणि तुम्ही दुसरी गोळी भरेपर्यंत थांबत नाही. म्हणून क्लबचे अध्यक्ष, म्हणजे थियाचे वडील ऑरिन ऑर्डाल, यांनी नियम केला: सरावाची एकही गोळी नाही. थंड नळीतून थेट पाच बार, पाचशे यार्डांवर, आणि पाचही मोजायचे. ज्याची रायफल त्यानेच झाडायची. निवडणाऱ्याने रायफलीला हात लावायचा नाही, फक्त बोर्ड वाचायचा.

रायफली घडवणारे दोघंच उतरले होते. कोरा ल्युबेक, एकोणतीस वर्षांची, तीन वर्षांपूर्वी दुकान उघडलेली. आणि वॉरन स्ट्रूप, ज्याच्या रायफली निम्म्या तालुक्याच्या भिंतींवर आहेत.

"शुक्रवारी संध्याकाळी कोराने कुरणात रायफल झाडून बघितली," थिया म्हणाली. "पाचशेवर पाच गोळ्या माझ्या तळहाताखाली झाकल्या गेल्या. स्ट्रूपचा चेहरा आंबट झाला होता. मग ती आम्हा तिघांना म्हणाली, मी, लाइल आणि स्ट्रूप होतो तिथे, की हिला कुणी हात लावायचा नाही. नळी मुद्दाम मळलेली ठेवलीय आणि दुर्बीण पाचशेवर लावून ठेवलीय, सकाळी बसायचं आणि बार काढायचा."

"नळी मळलेली?" डेलने विचारलं. "माझा बाप मला त्याबद्दल पट्ट्याने फोडायचा."

"माझाही फोडायचा," मार्वा म्हणाली. "पण पुसलेल्या नळीत तेलाचा हात राहतो. पहिल्या एक-दोन गोळ्या भलतीकडे जातात. शिकारी माणसाला त्याचं काही नसतं. बोर्डवर पाचच गोळ्या मिळणाऱ्याला असतं." ती थियाकडे वळली. "तुझे बाबा नव्हते तेव्हा?"

"ते शहरात बोर्ड आणायला गेले होते. आले तेव्हा आम्ही सगळे झोपलो होतो."

"आणि रायफली?"

"शेडमध्ये, कुलपात. एक किल्ली लाइलकडे, एक आमच्या स्वयंपाकघरात खिळ्याला."

रँचवर पोचल्यावर मार्वा आधी शेडच्या कोपऱ्यापाशी गेली. शेरिफला तिथे गवत दबलेलं सापडलं होतं. कुणीतरी पोटावर झोपून बार काढला होता. लाइलची खोली तिथून वीस पावलांवर. शेरिफचं म्हणणं इथेच पक्कं झालं होतं. डेलने अंतर मोजायची दुर्बीण डोळ्याला लावली आणि उतारावर थियाने रोवलेल्या काठीवर नेम धरला. घोडी तिथे पडली होती.

"पाचशे चार यार्ड," तो म्हणाला आणि शीळ घातली. "एका गोळीत. लाइल सैन्यात नेमबाज होता म्हणतात."

 मार्वा त्या काठीच्या दिशेने सरळ चालायला लागली. डेल मागून धापा टाकत. गवत सप्टेंबरातलं, वाळलेलं, पिवळं. थियाची घोडीसुद्धा अगदी त्याच रंगाची होती. दोनशे पावलांच्या आसपास डेलचा पाय भसकन खाली गेला आणि तो आडवा झाला.

"बॅजरचं बीळ," थिया त्याला उठवत म्हणाली. बॅजर म्हणजे जमीन उकरत फिरणारं बुटकं, पट्टेरी तोंडाचं जनावर. "ताजं आहे. बाबा वेडे होतात त्यांच्या नावाने. असल्याच बिळांत पाय जाऊन आमच्या दोन घोड्यांचे पाय मोडलेत. बाबा म्हणतात, जेवताना बॅजर दिसला तरी ताट सोडून उठेन."

मार्वाने बिळापासून मागे वळून शेडकडे बघितलं, मग पुढे काठीकडे. मग टोपी काढून डोकं खाजवलं. डेलला हे लक्षण माहीत होतं. तिला काहीतरी आवडलं नव्हतं.

लाइल खोलीत सामान भरत होता. सामान म्हणजे दोन पिशव्या आणि एक खोगीर. मार्वाने प्रश्न विचारले, त्याने हो आणि नाही अशी उत्तरं दिली. शनिवारी पहाटे बार ऐकू आला का? आला. मग बाहेर का नाही आला? या भागात पहाटे गोळीच्या आवाजाला कोण उठतं, त्यातून नेमबाजीच्या दिवशी. दुकानात ते बोलला होतास? बोललो होतो.

"त्याच संध्याकाळी तिच्या खुरातला खडा कुणी काढला, ते मात्र कुणी विचारत नाही," एवढं एकच लांब वाक्य तो स्वतःहून बोलला.

कोरा ल्युबेक तिच्या दुकानात नळी कापत होती आणि मशीन बंद करायला तयार नव्हती. शेवटी केली. शनिवारचं विचारल्यावर तिचे कान लाल झाले. पहिली गोळी बोर्डच्या खाली मातीत गेली. तेव्हा तिने बघितलं तर दुर्बिणीची फिरकी शून्यावर, म्हणजे दोनशे यार्डांवर. तिला वाटलं आपणच घाईत फिरवली असेल. ती पाचशेवर आणली, दुसरी गोळी वर डावीकडे निसटली. उरलेल्या तीन एकाच भोकात. पण पाचही मोजायच्या होत्या. आठ रायफलींचं काम स्ट्रूपला मिळालं. बोर्ड वाचून होताच तिने रायफल पेटीत घातली आणि कुणाशी न बोलता निघून आली.

"गोळी आत सरकवायच्या बोल्टला तेल होतं?" मार्वाने विचारलं.

कोराने चमकून बघितलं. "होतं. वाटलं, माझ्याच हाताचं असेल. मी स्वतःला इतक्या शिव्या घातल्यात चार दिवस." तिने रायफल पेटीतून काढली, जाड नळीची, जड, बसून झाडायची. "हे सगळं मी हाताने केलंय. चाप तर इतका हलका जमवलाय की कुणाला सांगून खरं वाटणार नाही. आणि अजून माझ्याशिवाय कुणाचं बोट नाही लागलेलं त्याला."

"किती हलका?"

"ते कळायला ओढून बघावा लागतो," कोरा म्हणाली, आणि चार दिवसांत पहिल्यांदा थोडी हसली.

वॉरन स्ट्रूप जिंकलेल्या माणसासारखा खुर्चीत मागे रेलून बोलला. पोरीची रायफल म्हणजे माशी आहे म्हणाला. गोळी हलकी, पळते जोरात, पण वारा तिला खेळवतो. प्रेरी डॉगसाठी ठीक. त्याची गोळी लांब आणि जड, संथ जाते पण वाऱ्याला विचारत नाही. शुक्रवारी तिने पाच गोळ्या तळहाताएवढ्या जागेत टाकल्या त्याचं काय? वारा नव्हता. शनिवारी तरी कुठे होता? यावर त्याने कॉफी ओतून घेतली. रात्री तो शेडजवळच आपल्या गाडीत झोपला होता. काही ऐकलं नाही. त्याला कमी ऐकू येतं, सगळ्या जुन्या नेमबाजांना येतं.

"हाच," परत जाताना डेल म्हणाला. "अगं, सरळ आहे. रायफल पुसली, फिरकी फिरवली, पोरीला पाडलं."

"आणि घोडी?"

"घोडी… त्याच्या मध्ये आली असेल."

"कशाच्या मध्ये, डेल?"

डेलने गिअर बदलला. मार्वाने गाडी थांबवायला सांगून वहीत काहीतरी लिहिलं.

ऑरिन ऑर्डाल घराच्या पायरीवर बसला होता. एकसष्ट वर्षांचा, ताठ, हाताची बोटं दोरखंडासारखी. तालुक्यातल्या प्रत्येक पोर रायफल धरायला त्याच्याकडून शिकलं होतं, डेलची पोरंसुद्धा. तो शांतपणे बोलला. लाइलबद्दल वाईट वाटतं म्हणाला, पण माणूस बोललेलं करतो. किल्ली त्याच्याकडे, खोली तिथेच, आणि पाचशेवरून एका गोळीत घोडी पाडणारा दुसरा कोण आहे इथे.

"तुम्ही आहात," मार्वा म्हणाली.

"मी माझ्या पोरीची घोडी मारेन?"

"नाही. मुद्दाम नाही मारणार." तिने विषय बदलला. कोराची रायफल का नाकारली?

"पहिली मातीत, दुसरी बाहेर. शिवाय चाप भलताच हलका. बोटाच्या मनात आलं की सुटतो. असली रायफल मी पोरांच्या हातात देणार नाही."

मार्वाने मान हलवली, आभार मानले आणि उद्या अकराला सगळ्यांनी स्वयंपाकघरात जमावं अशी विनंती केली. डेलला ती वाटेत एवढंच म्हणाली की तिला आज जेवण जाणार नाही. डेल तिच्या वाटचंही जेवला.

दुसऱ्या दिवशी अकराला ऑर्डालांच्या टेबलाभोवती सगळे होते. कोरा आणि स्ट्रूप एकमेकांकडे पाठ करून. लाइल दाराशी उभा, टोपी डोक्यावर, पिशव्या बाहेर पायरीवर. थिया कपाटाला टेकून. ऑरिन त्याच्या नेहमीच्या खुर्चीत.

"घोडी कोराच्या रायफलीने मेली," मार्वाने सुरुवात केली.

कोरा उठायला गेली. मार्वाने तिला हाताने बसवलं.

"शुक्रवारी रात्री रायफल शेडमध्ये गेली तेव्हा नळी मळलेली आणि दुर्बीण पाचशेवर. शनिवारी सकाळी बाहेर आली तेव्हा नळी पुसलेली, दुर्बीण शून्यावर. म्हणजे मधे कुणीतरी ती वापरली. डेलला वाटलं स्ट्रूपने घातपात केला."

"डेल गाढव आहे," स्ट्रूप म्हणाला.

"असेल. पण तुम्ही नाही आहात. तुम्हाला रायफल बिघडवायची असती तर फिरकी दोन खाचा सरकवली असती, पाचही गोळ्या गुपचूप वाया गेल्या असत्या. पूर्ण शून्यावर आणली तर पहिल्याच गोळीला कळतं. कळलंच की. हे बिघडवणं नव्हतं. हे आवरून ठेवणं होतं. वापरलेली रायफल पुसायची, दुर्बीण शून्यावर आणायची, मग परत ठेवायची. इथल्या प्रत्येक पोराला लहानपणी हेच शिकवतात. ज्याने हे केलं त्याला वाटलं आपण सगळं ठेवायला हवं तसं ठेवलं. म्हणजे कोराने ती मुद्दाम तशी ठेवलीय हे त्याला माहीत नव्हतं. थियाने, स्ट्रूपने आणि लाइलने तिच्या तोंडून ऐकलं होतं. त्यांच्यापैकी कुणी वापरली असती तर मळलेलीच ठेवली असती, पाचशेवरच ठेवली असती, आणि आपल्याला कधी कळलंही नसतं."

लाइलने टोपी काढली. तेवढीच हालचाल झाली खोलीत.

"आता घोडी. सगळे म्हणतात, पाचशेवरून एका गोळीत, केवढा नेम. कुणी तिच्यावर नेम धरलाच नव्हता. शेडचा कोपरा आणि घोडी यांच्या मधे, अगदी रेषेत, दोनशे यार्डांवर बॅजरचं बीळ आहे. पहाटे बॅजर बाहेर येतो. शेडमध्ये नवी रायफल आहे, आणि एका माणसाला ती बघायचा मोह झालाय, जरी नियम त्याने स्वतःच केलाय. तो दोनशेच्या बॅजरवर नेम धरतो. पण दुर्बीण पाचशेवर लावलेली, म्हणजे नेम धरला की नळीचं तोंड वर उचललेलं. गोळी बॅजरच्या पाठीवरून दोन वीत वरून जाते. आणि ज्या अंतरासाठी लावली होती तिथे, बरोबर नजरेच्या रेषेत परत येते. तिथे वाळलेल्या गवतात, गवताच्याच रंगाची घोडी उभी होती."

"बस कर," ऑरिन म्हणाला.

"कोराच्या चापाला तिच्याशिवाय कुणाचं बोट लागलं नव्हतं, ऑरिन. शनिवारी ती रायफल घेऊन तडक निघून गेली. चाप हलका आहे हे तुम्हाला काल कसं माहीत होतं?"

ऑरिनने मान खाली घातली. त्याची नजर टेबलावरच होती. 

"मला तुझ्या मागचं काही दिसलं नाही," तो म्हणाला, जणू बॅजरशीच बोलत होता. मग त्याने डोळे चोळले. "तीस वर्षं मी पोरांना सांगतोय. चाप ओढायच्या आधी मागे काय आहे ते बघा. एकच गोष्ट शिकवली मी आयुष्यात. ती मीच…"

"तू तिला बघितलंस," थिया म्हणाली. तिचा आवाज अगदी सरळ होता. "बार झाल्यावर. दुर्बिणीतून. ती लगेच नाही पडली, जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं मला. किती वेळ उभी होती, बाबा?"

"थिया."

"किती वेळ?"

"मी रायफल पुसून बाहेर आलो," ऑरिन म्हणाला, "तेव्हा ती खाली बसत होती."

थिया कपाटापासून दूर झाली आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली, सगळ्यांकडे पाठ करून. ऑरिनचा हात टेबलावर तिच्या दिशेने सरकला आणि तिथेच पडून राहिला.

स्ट्रूपने घसा खाकरला आणि म्हणाला की निवड पुन्हा घ्यावी लागेल, त्याला काही हरकत नाही, तो तशीही जिंकेल. त्याच्या आवाजात मात्र तसं नव्हतं. कोराने त्याच्याकडे बघितलंही नाही. ती ऑरिनला म्हणाली की दुसऱ्या कुणाला बोर्ड वाचायला बसवलं तर ती येईल, ऑरिन असेल तर नाही.

मग ऑरिन लाइलकडे वळला. त्याला उभं राहायला वेळ लागला. "पिशव्या आत घे," तो म्हणाला. "खोली तुझीच आहे."

"नको."

"मी तुझी माफी मागतो, लाइल. सगळ्यांच्या देखत."

"शनिवारी शेरिफच्या देखत मी तुला इथेच म्हणालो होतो, माझ्याकडे बघ आणि बोल की घोडी मी मारली," लाइल म्हणाला. "तू बघितलंस. आणि बोललास." तो पहिल्यांदाच टेबलाजवळ आला. "मला एक कागद लिहून दे. दुकानात लावायचाय. मी जिथे बोललो होतो तिथेच."

मार्वाने वहीतलं पान फाडून पुढे ठेवलं. डेलने खिशातून पेन काढून दिलं. ऑरिनने चष्मा लावला आणि मोठ्या, शाळेतल्यासारख्या अक्षरांत लिहिलं की थियाची घोडी माझ्या गोळीने मेली, लाइल बेडेलच्या नाही. मग तो थांबला.

"चुकून, असं लिहू का?" त्याने विचारलं. त्याने ते फार हळू विचारलं.

"लिही," लाइल म्हणाला. "घोडी तू चुकून मारलीस, मला मान्य आहे. माझ्याबद्दल शेरिफला जे सांगितलंस ते चुकून नव्हतं. तेही लिही."

ऑरिनने 'चुकून' हा शब्द दोन शब्दांच्या मधे कोंबला. मग पेन कागदावर टेकवून बसून राहिला. बाराला पाच कमी होते. स्ट्रूप उठून गेला, मग कोरा गेली. कुणी त्याला घाई केली नाही, आणि कुणी त्याला मदतही केली नाही. दुसरं वाक्य लिहून व्हायला पावणेएक झाला.